परराज्यातली गाडी एमएच-१३ पासिंग करताना: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

सोलापुरात कर्नाटक पासिंगची गाडी दिसली तर कोणी वळून बघत नाही. विजापूर शंभर किलोमीटरवर, कलबुर्गी जवळपास तेवढंच, हैदराबादचा हायवे दारातून गेलेला. नोकरी, कापडाचा धंदा आणि सोयरीक या निमित्ताने माणसांची इकडून तिकडे ये-जा चालूच असते. पण चार दिवस पाहुणी आलेली गाडी वेगळी आणि बिऱ्हाडाबरोबर आलेली गाडी वेगळी. दुसऱ्या प्रकारच्या गाडीची नोंदणी इकडे, म्हणजे सोलापूरच्या एमएच-१३ क्रमांकावर, आणावी लागते, आणि लोक अडकतात ते इथेच. हे काम दोन राज्यांतल्या दोन कार्यालयांत वाटलेलं असतं आणि त्यातला अवघड अर्धा भाग जुनं गाव सोडण्याआधी उरकायचा असतो. सामान ट्रकमध्ये चढलं, घराची किल्ली मालकाला दिली, सोलापुरात येऊन आठ महिने झाले आणि मग एनओसीची (जुन्या आरटीओच्या ना-हरकत दाखल्याची) आठवण झाली, तर बेंगळुरूची सहाशे किलोमीटरची वारी चुकत नाही.

आधी दोन मुदती समजून घ्या

मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये यासाठी दोन वेगळ्या मुदती आहेत आणि बहुतेक लोक त्यांची सरमिसळ करतात. कलम ४९ सांगतं की राहण्याचा पत्ता बदलला तर ३० दिवसांत नव्या पत्त्याच्या आरटीओला कळवा. कलम ४७ सांगतं की एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवली तर तिथला नवा क्रमांक घ्या. वर्षाची सवलत आहे ती क्रमांकाची, पत्त्याची नाही. सहा-आठ महिन्यांच्या प्रोजेक्टसाठी आला असाल आणि परत जाणार हे नक्की असेल, तर नंबर बदलण्याच्या फंदात पडू नका. नोंदणी भारतभर वैध असते आणि जुन्या नंबरवर गाडी चालवणं हा काही गुन्हा नाही.

मात्र गाडी महाराष्ट्रात नेमकी कधी आली, हे दाखवायची वेळ आली तर कागद तुमच्याकडे हवा. फास्टॅगचं स्टेटमेंट यासाठी फार उपयोगी पडतं. विजापूरकडून येताना नांदणी टोलनाक्यावर पैसे कापले गेले, त्याची तारीख आणि वेळ बँकेच्या नोंदीत असते. सोबत बदलीचा आदेश, सामान आणलेल्या ट्रान्सपोर्टची बिल्टी आणि भाडेकरार जपून ठेवा. रस्त्यात कोणी विचारलं तर तोंडी सांगण्यापेक्षा हे कागद पुढे करणं बरं.

कायमचंच यायचं असेल तर वर्ष संपायची वाट बघू नका. गाडी विकताना, विम्याचा दावा करताना, कर्ज काढताना जुना पत्ता आणि जुनं राज्य पदोपदी आडवं येतं.

नंबर बदलायची गरजच नाही असे काही लोक

सोलापुरात एनटीपीसीचा प्रकल्प आहे, रेल्वेचं विभागीय कार्यालय आहे, केंद्राच्या बँका आणि विमा कंपन्या आहेत. अशा ठिकाणी दर तीन-चार वर्षांनी बदली ठरलेली. त्यांच्यासाठी बीएच, म्हणजे ‘भारत’, मालिका आहे; राज्य बदललं तरी तोच क्रमांक चालतो. केंद्राने ती २०२१ मध्ये आणली, १५ सप्टेंबर २०२१ पासून लागू झाली. केंद्र व राज्य सरकारचे कर्मचारी, संरक्षण दलातले लोक, सार्वजनिक उपक्रमांतले कर्मचारी आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी यासाठी पात्र आहेत. खासगी नोकरदारांना कंपनीकडून नमुना ६० मधला दाखला आणावा लागतो. टॅक्स एकदम पंधरा वर्षांचा न भरता दोन-दोन वर्षांचा भरायचा. गाडी १० लाखांच्या आतली असेल तर दर ८ टक्के, १० ते २० लाखांना १०, त्यावर १२. डिझेलला २ टक्के जास्त, इलेक्ट्रिकला २ टक्के कमी.

बीएच नंबर आधीच असेल तर एनओसी नको, नवा क्रमांक नको. पत्ता बदला आणि पुढचा टॅक्स वेळेत भरा. ही तारीख मोबाइलमध्ये लावून ठेवा, कारण सात दिवसांची सवलत संपली की दिवसाला १०० रुपये दंड चढतो. साधा नंबर असलेली जुनी गाडीही आता बीएचमध्ये बदलता येते. पुढे पुन्हा बदली होणार हे दिसत असेल तर मी तोच मार्ग घ्यायला सांगेन. सोलापुरात घर बांधून स्थायिक होणाऱ्याला सरळ एमएच-१३ परवडतं.

जुनं गाव सोडण्याआधी

पहिलं काम मोबाइल नंबरचं. परिवहन खात्याच्या ‘वाहन’ पोर्टलवरचा प्रत्येक अर्ज ओटीपीवर चालतो आणि तो ओटीपी गाडी घेताना शोरूमवाल्याने टाकलेल्या नंबरवर जातो. तो नंबर बंद पडलेला असेल तर पुढे काहीच हलत नाही. परिवहनच्या संकेतस्थळावर चॅसिस आणि इंजिन क्रमांकाचे शेवटचे आकडे टाकून मोबाइल नंबर बदलून घ्या.

त्याच बैठकीत आरसीवरचं (नोंदणी प्रमाणपत्रावरचं) नाव आणि आधारवरचं नाव शेजारी ठेवून वाचा. सोलापुरात तेलुगू आणि कन्नड भाषिक घरं भरपूर आहेत आणि त्यांच्या कागदांवर ही अडचण नेहमी येते. हैदराबादच्या आरसीवर आधी घराण्याचं आद्याक्षर आणि मग नाव, तर महाराष्ट्रातल्या आधारवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम. माणूस एकच असला तरी संगणकाला तो दोन माणसं वाटतो आणि आधारवरून ओळख पटवण्याची सोय चालत नाही. नाव जुळवून घ्यायचं असेल तर ते जुन्या राज्यातच करा.

मग थकलेले चलन. ई-चलनाच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून सगळी थकबाकी काढा, आणि त्या राज्याच्या पोलिसांचं वेगळं संकेतस्थळ असेल तर तेही बघा. वेगाच्या कॅमेऱ्याने पकडलेलं चलन आपल्याला माहीतही नसतं आणि एनओसीच्या अर्जावर ऐनवेळी पुढे येतं. याच संदर्भात एक इशारा: व्हॉट्सअॅपवर चलनाचा मेसेज आणि सोबत डाऊनलोड करायचं अॅप आलं तर ते उघडू नका. सरकार अशी फाइल पाठवत नाही. संकेतस्थळाचा पत्ता डॉट जीओव्ही डॉट इन असा संपतो का ते बघूनच पैसे भरा.

गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं पत्र लागतं, आणि ते कसलं हवं हे नीट सांगावं लागतं. ‘हप्ते नियमित आहेत’ असं पत्र उपयोगाचं नाही. ‘ही गाडी महाराष्ट्रात सोलापूर आरटीओकडे नेण्यास आमची हरकत नाही’ असं स्पष्ट लिहिलेलं हवं, आणि एनओसीच्या अर्जावर बँकेच्या रकान्यात सही-शिक्का हवा. कर्ज फिटलं असेल तर नमुना ३५ देऊन आरसीवरचा बोजा आधी उतरवून घ्या, मगच एनओसी मागा. बँकेच्या पत्रावर बहुतेक वेळा मुदत असते, म्हणून ते हातात आल्यावर लगेच वापरा.

गाडीत मागाहून सीएनजी किट बसवलं असेल किंवा रंग बदलला असेल आणि आरसीवर त्याची नोंद नसेल, तर तीही इथेच करून घ्यायची. सोलापुरात साहेब गाडी बघायला आले की हा फरक पहिल्यांदा नजरेत येतो.

एनओसी

कलम ४८ खाली ही एनओसी मिळते, अर्ज नमुना २८ मध्ये, तीन प्रतींत. वाहन पोर्टलवर जुनं राज्य आणि जुनं आरटीओ निवडून अर्ज भरायचा, फी भरायची, आणि जिथे आधारवरून पूर्ण होत नाही तिथे कागद घेऊन कार्यालयात जायचं. मूळ आरसी, विमा, पीयूसी, टॅक्सची पावती, बँकेचं पत्र, चॅसिसची छाप आणि गाडी चोरीच्या नोंदीत नसल्याचा दाखला एवढे कागद जवळ ठेवा. हा दाखला राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वाहन समन्वय या सेवेतून ऑनलाइन निघतो.

चॅसिसची छाप घरीच काढा, पाच मिनिटांचं काम आहे. मोटारसायकलला हा क्रमांक हँडलच्या खाली मानेपाशी कोरलेला असतो. कारमध्ये बहुधा बॉनेटच्या आत मागच्या पत्र्यावर किंवा पुढच्या सीटजवळ गालिच्याखाली. नेमकी जागा गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. रॉकेलच्या किंवा पेट्रोलच्या फडक्याने धूळ आणि ग्रीस पुसून कोरडं करा. पातळ पांढरा कागद वर धरून मऊ पेन्सिल आडवी फिरवा, आकडे पांढरे उमटतात. जागा अडचणीची असेल तर आकड्यांवर आधी पेन्सिलीची पूड चोळा, वर रुंद सेलोटेप दाबून बसवा, अलगद उचला आणि कागदावर चिकटवा. दोन-तीन छापा जास्तीच्या काढून ठेवा, सोलापुरातही लागतात. आकडे गंजाने पुसट झाले असतील तर ते आत्ताच कळलेलं बरं.

अर्जात ‘कुठल्या आरटीओसाठी’ हा रकाना फार जपून भरा. सोलापूर जिल्ह्यात दोन कार्यालयं आहेत: सोलापूरचा एमएच-१३ आणि अकलूजचा एमएच-४५. जिल्हा सोलापूर म्हणून कार्यालयही सोलापूर असं गृहीत धरून पश्चिमेकडच्या तालुक्यातला माणूस चुकीची एनओसी घेऊन येतो आणि खिडकीवरून परत फिरतो. आपला तालुका कुठे मोडतो ते पोर्टलवर पिनकोड टाकून आधी बघा.

अर्जावर ३० दिवसांत निर्णय कळवणं कार्यालयावर बंधनकारक आहे. नकार द्यायचा असेल तर कारण लेखी द्यावं लागतं; या मुदतीत नकार कळवला नाही तर एनओसी दिली असं कायदा मानतो. म्हणून अर्जाची पोच आणि तारीख सोडू नका. तेलंगणाच्या गाड्यांसाठी एक जास्तीची काळजी: त्या राज्याने अनेक वर्षं आपली नोंद स्वतःच्या वेगळ्या प्रणालीत ठेवली. एनओसीचा कागद हातात आला तरी तिची नोंद सोलापूरच्या संगणकावर दिसते का, हे विचारून मगच गाडी हलवा.

मूळ आरसी कुठल्याही खिडकीवर देण्याआधी तिच्या दोन्ही बाजूंची रंगीत प्रत आणि मूळ टॅक्स पावतीची प्रत काढून ठेवा. टॅक्स परत मागताना हेच कागद मागतात.

सोलापुरात आल्यावर

आरटीओ विजापूर रोडला आहे. तिथे जाण्याआधी इथल्या पत्त्याचा पुरावा तयार हवा. आधारवर नवा पत्ता असेल तर काम सोपं. भाड्याने राहत असाल तर नोंदणी केलेला भाडेकरार करून घ्या. पाचशेच्या स्टँपवर नोटरी केलेला करार घरमालकाला पुरतो, सरकारी खिडकीवर त्याने वाद होतो, आणि महाराष्ट्रात भाडेकरार नोंदवणं तसंही सक्तीचं आहे.

वाहन पोर्टलवर आता महाराष्ट्र आणि सोलापूर निवडायचं. नवा क्रमांक मिळवण्याचा अर्ज नमुना २७ मध्ये, पत्ता बदलाचा नमुना ३३ मध्ये. त्यासोबत एनओसी, मूळ आरसी, चालू विमा आणि पीयूसी, पॅन, पत्त्याचा पुरावा, चॅसिसची छाप आणि गाडीचं मूळ बिल. बिलावर टॅक्स ठरतो, म्हणून ते हरवलं असेल तर ज्या शोरूममधून गाडी घेतली तिथून दुसरी प्रत मागवून घ्या. नव्या क्रमांकाची केंद्रीय नियमांतली मूळ फी दुचाकीला ३०० आणि कारला ६०० रुपये, स्मार्ट कार्डाचे २०० वेगळे. पंधरा वर्षांपुढच्या गाडीचं गणित निराळं: नोंदणीचं नूतनीकरण, त्याची वाढीव फी आणि महाराष्ट्राचा पर्यावरण कर. अशी गाडी इकडे आणण्याआधी तिची बाजारातली किंमत आणि हा खर्च एका कागदावर मांडून बघा.

मोठा आकडा टॅक्सचा. महाराष्ट्रात नव्या पेट्रोल कारला १० लाखांपर्यंत ११ टक्के, डिझेलला १३ टक्के असा एकरकमी कर आहे आणि किंमत वाढेल तसा दर चढतो. बाहेरून आलेल्या गाडीला पूर्ण कर लागत नाही. गाडीचं वय जेवढं जास्त तेवढी आकारणी कमी. तरीही तीन-चार वर्षांच्या चांगल्या कारला रक्कम बऱ्यापैकी येते आणि जुन्या राज्यातला परतावा हातात येईपर्यंत ती आपल्याच खिशातून जाते. हैदराबाद-बेंगळुरूहून स्वस्तात जुनी गाडी आणणाऱ्यांनी तर हा कर किमतीत धरूनच सौदा करावा. लाखभराने स्वस्त वाटलेली गाडी इथे येईपर्यंत भावाला भाव होते, हे डोळ्यांसमोर पाहिलेलं आहे. अशा खरेदीत नमुना २९ आणि ३० लागतात, आणि विकणाऱ्याने एनओसीसह ४५ दिवसांत कळवायचं असतं.

गाडी तपासणीला न्यावी लागते. मोटार वाहन निरीक्षक चॅसिस आणि इंजिन क्रमांक पडताळतात, दिवे, इंडिकेटर, टायर बघतात. आदल्या दिवशी गाडी धुऊन, चॅसिसची जागा पुसून न्या. उन्हाळ्यात सकाळचीच वेळ घ्या. एप्रिल-मेमध्ये सोलापूरच्या उन्हात पत्र्याला हात लावता येत नाही.

एजंटबद्दल स्पष्टच सांगते. काम स्वतः करता येतं. वेळ नाही, कागदाची सवय नाही म्हणून कोणी एजंट घेतला तर त्यात गैर काही नाही. पण कोऱ्या नमुना २९ आणि ३० वर सही करून कोणालाही देऊ नका. हे मालकी बदलाचे अर्ज आहेत; नुसता पत्ता आणि नंबर बदलताना त्यांची गरजच नसते. ओटीपीसुद्धा फोनवर सांगू नका, समोर बसून स्वतः टाका.

नंबर पडल्यावर

नवी आरसी पोस्टाने घरी येते. तोवर जुन्या पाट्या काढू नका. नव्या क्रमांकाची एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबरपाटी) परिवहन विभागाने आपल्या आरटीओसाठी नेमलेल्या पुरवठादाराकडे ऑनलाइन मागवायची आणि त्याच्याच केंद्रावर बसवून घ्यायची. जुन्या पाट्या तिथेच जमा करा, घरी आणून माळ्यावर टाकू नका. त्या कोणाच्या हाती लागून दुसऱ्या गाडीवर चढल्या तर चौकशी तुमच्या दारात येईल. पाटीबरोबर काचेवरचं स्टिकरही नवं येतं, पेट्रोल-सीएनजीला फिकट निळं आणि डिझेलला केशरी.

विमा कंपनीला त्याच आठवड्यात ई-मेल करा आणि पॉलिसीवर नव्या क्रमांकाची नोंद लेखी मागून घ्या. इथे एक फायदा पदरात पडू शकतो. खासगी कारच्या विम्यात बेंगळुरू, हैदराबाद, पुणे, मुंबई अशी मोठी शहरं अ विभागात येतात आणि सोलापूर ब विभागात. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता ब विभागात थोडा कमी असतो, तेव्हा नूतनीकरणाच्या वेळी विभाग बदलला का ते बघा. फास्टॅग जुन्या नंबरला जोडलेला असतो, तो बँकेकडून नव्या नंबरवर करून घ्या, नाहीतर सावळेश्वरच्या नाक्यावर रांग अडवून उभं राहावं लागेल. पीयूसीही नव्या क्रमांकाची काढा.

लायसन्स

हे काम सगळ्यात सोपं आणि सगळ्यात कमी घाईचं. लायसन्स भारतभर चालतं, कर्नाटकचं लायसन्स घेऊन सोलापुरात गाडी चालवायला कसलीच अडचण नाही. नव्याने परीक्षा द्यावी लागत नाही. पत्ता तेवढा बदलायचा.

सारथी पोर्टलवर महाराष्ट्र निवडायचं, जुनं राज्य नाही. लायसन्स क्रमांक आणि जन्मतारीख टाकल्यावर माहिती पुढे आली म्हणजे तुमची नोंद संगणकात आहे. मग पत्ता बदलाची सेवा निवडा, आधारने ओळख पटवा, फी भरा. फी पत्ता बदलाची २०० आणि स्मार्ट कार्डाची २००. आधारवर इथला पत्ता असेल तर कार्यालयात जायचीही गरज पडत नाही, कार्ड पोस्टाने येतं. डिजिलॉकरमधलं लायसन्स पोलिसांना चालतं.

माहिती पुढे आलीच नाही, तर तुमचं लायसन्स बहुधा जुन्या पुस्तिकेच्या काळातलं आहे आणि त्याची नोंद संगणकात चढलेली नाही. ती नोंद फक्त मूळ कार्यालयच चढवू शकतं. घरात वडिलांचं, सासऱ्यांचं असं जुनं लायसन्स असेल तर गाव सोडण्याआधी तेवढं तपासून घ्या.

मुदत संपत आली असेल तर पत्ता आणि नूतनीकरण एकाच अर्जात करा. नूतनीकरण मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून करता येतं. मुदत संपून एक वर्ष उलटलं तर पुन्हा परीक्षा द्यावी लागते. चाळिशी ओलांडलेल्यांना नमुना १अ मधला डॉक्टरांचा दाखला लागतो.

जुन्या राज्याकडून टॅक्स परत

कर्नाटकात किंवा तेलंगणात आजीवन कर भरलेला असेल तर गाडी राज्याबाहेर गेल्यानंतरच्या उरलेल्या काळाची रक्कम परत मागता येते. अनेक जण हा अर्ज करतच नाहीत. दूरच्या कार्यालयात कोण हेलपाटे मारणार म्हणून सोडून देतात, आणि नवी गाडी असेल तर त्यात मोठी रक्कम बुडते. अर्ज जिथे कर भरला त्या आरटीओला करायचा. सोबत नवी एमएच-१३ आरसी, महाराष्ट्रात भरलेल्या कराची पावती, जुन्या कराची पावती, जुन्या आरसीची आणि एनओसीची प्रत, आणि मालकाच्याच नावाच्या बँक खात्याचा रद्द केलेला चेक. विजापूर, कलबुर्गी, बिदर असेल तर एका दिवसात जाऊन परत येता येतं. लांबचं असेल तर तिथल्या नातेवाइकाला अधिकारपत्र द्या, अर्जाची पोच शिक्क्यासह फोटो काढून मागवा आणि दर महिन्याला त्या पोच क्रमांकावर लेखी विचारणा करत राहा.